खांबावरची थैली

माझी मुलगी माझ्या पोटची नाही. हे ती दहा वर्षांची असताना मी तिला सांगितलं, तिच्या नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. मी लपवलं ते दुसरंच.

ती अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला राहते. नवऱ्याच्या मागोमाग इथे आली, पहिली काही वर्षं खिडकीत बसून काढली आणि मग शिलाई मशीन घेतलं. आता पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत ती ब्लाउज शिवते, पडदे शिवते, इथल्या बायकांच्या पँटी आखूड करून देते. जावई कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. नात मास्ट्रिख्टला शिकते, शनिवार-रविवारी घरी येते. मी दर उन्हाळ्यात तीन महिने येते, व्हिसा तेवढाच मिळतो. बाकीचे महिने गावी, ह्यांनी रिटायर झाल्यावर बांधलेल्या दोन खोल्यांत. हे गेले त्याला बरीच वर्षं झाली.

इथे मला काम नसतं. ब्लाउजांना हुक लावून देते, कोथिंबीर निवडते, खालून जाणारी मेट्रो बघते. यंदा येऊन दोन महिने झाले असतील. मुलगी कापड कापत होती आणि मी समोर हुक लावत होते. तिचा फोन वाजला. हातात कात्री म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, मी तुमचा मामेभाऊ. तुम्ही मला ओळखत नाही," तिकडचा माणूस म्हणाला. चाळिशीचा असावा.

"बोला."

"वडील फार थकलेत. अंथरुणालाच आहेत. तुमची आठवण काढतात. एकदा तोंड बघायचंय म्हणतात."

मुलीने कात्री खाली ठेवली. "त्यांना सांगा, यायचं तेव्हा आला नाहीत. आता कशाला?"

"ताई, ते म्हणतात त्यांना पत्र—"

"मिळालंच नाही. माहीत आहे. लहानपणापासून ऐकतेय. इतक्या वर्षांत दुसरं काहीतरी कारण शोधायचं." तिने फोन ठेवला आणि पुन्हा कात्री घेतली. कापड नीट कापलं, जराही वाकडं गेलं नाही. मी मात्र हुक उलट्या बाजूला लावला.

ते कारण खरं होतं. तिच्या मामाला पत्र मिळालं नव्हतं. हे ठाऊक असलेली तीन माणसं होती, त्यातली दोन मेली. उरले मी. आणि मामाला पत्र गेलं होतं तरी तो आला नाही, हे तिला लहानपणी कुणी सांगितलं? मीच सांगितलं.

त्या रात्री जेवताना मी म्हटलं, "जाऊन ये की. म्हातारा माणूस आहे."

"आई, तू नको त्यात पडू."

"मरायला टेकलाय."

"माझी आई पण मेली होती," ती म्हणाली. आणि भात वाढला. मी गप्प बसले. गप्प बसायची मला फार वर्षांची सवय आहे.

त्याच आठवड्यात शनिवारी नात आली. आजोबा रेल्वेत होते म्हणून आजीला गाड्या दाखवायच्या, असं तिने ठरवलं होतं. लायडनच्या पुढे एका मैदानात रिटायर झालेल्या माणसांनी जुनी इंजिनं आणून ठेवली आहेत. स्वतःच पुसतात, रंगवतात, रुळावर थोडी पळवून दाखवतात. जावयांनी गाडी काढली. नातीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत देते. माझ्याशी बोलताना हात फार हलवते. मी तिच्याशी मराठीत बोलते, ती माझ्याशी हातांनी.

इंजिनं पाहिली. छान होती. मला काय, इंजिन म्हणजे इंजिन. मग एका ठिकाणी पंधरा-वीस माणसं उभी होती तिकडे आम्ही गेलो. तिथे रुळाच्या कडेला लोखंडी खांब होता, त्याला वर एक आडवा हात आणि खाली एक. मध्ये कापडी थैली उभी टांगलेली, पोटाशी पट्टा आवळलेली, कमरेला करगोटा बांधलेल्या पोरासारखी. मी जागच्या जागी थांबले.

"आजी, यू ओके?" नात म्हणाली.

"हो."

निळा डगला घातलेला एक म्हातारा, माझ्याच वयाचा असेल, माणसांना काहीतरी समजावून सांगत होता. जावयांनी मला सांगितलं की हे यंत्र इंग्लंडहून आणलंय. पूर्वी मेलगाडी लहान स्टेशनवर न थांबता जायची, तेव्हा टपालाची थैली अशी खांबाला टांगायची आणि गाडीच्या डब्यातून लोखंडी हात बाहेर काढून ती धावत्या गाडीतच पकडायची.

जावई चांगले आहेत. मला समजावून सांगत होते.

आमच्या स्टेशनवर अगदी हेच होतं. इंग्रजांनी लावून ठेवलेला खांब कुणी काढला नव्हता. उभ्या खांबाला आम्ही 'फाशी' म्हणायचो आणि डब्यातून बाहेर यायचा त्या लोखंडी हाताला 'झेल्या'. हे स्टेशनवर पोर्टर होते. गावातले पोस्टमास्तर लाखेचा शिक्का मारलेली थैली सकाळी आणून ह्यांच्या हातात द्यायचे. हे ती फाशीला टांगायचे. अकराच्या सुमाराला मेल यायची, न थांबता जायची, झेल्या थैली घेऊन जायचा. गावासाठी आलेली थैली डब्यातला माणूस लाथेने फलाटावर ढकलून द्यायचा. गावाला टपाल मिळायचं आणि गावाचं टपाल जायचं, सगळा एका श्वासाचा खेळ.

थैली टांगायची एक पद्धत होती. आत पत्रं आहेत ती सगळी खाली बसू द्यायची नाहीत. मध्ये पट्टा आवळून अर्धी वर, अर्धी खाली ठेवायची. आणि वरच्या हाताला, खालच्या हाताला बांधायची ती कच्च्या सुतळीने, तीही एकेरी. झेल्याचा हिसका बसला की सुतळी तुटली पाहिजे. तुटण्यासाठीच ती बांधायची.

मैदानातल्या म्हाताऱ्याने पण तशीच बारीक दोरी घेतली होती. लहान इंजिन एक डबा ओढत आलं, डब्यातून हात बाहेर आला, टक् आवाज झाला आणि खांबावर काही उरलं नाही. दोरीची दोन टोकं हलत राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नातीने फोनवर सगळं घेतलं.

"आजी, आजोबा डिड धिस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जाड दोरी बांधली होती."

मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "तू? तू कधी बांधलीस? बाबा बांधायचे ना?"

तिथे एक बाक होता. मी म्हटलं, "मला बसव. आणि ह्या दोघांना कॉफी प्यायला पाठव."

तिला सांगितलं ते इथे लिहिते. तिथे बाकावर इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

स्टेशनजवळ रेल्वेची चार क्वार्टर्स होती. एकात आम्ही, शेजारी गँगमनचं घर. गँगमन म्हणजे रूळ दुरुस्त करणारा. त्याचं नवीन लग्न झालेलं, बायको अठरा-एकोणीस वर्षांची. कामाला चपळ, बडबडी. मला वहिनी म्हणायची. आम्हाला मूल नव्हतं, मी दिवसभर मोकळी. तिची सासू झोपली की ती माझ्या ओट्यावर येऊन बसायची. चौथीपर्यंत शिकलेली मी त्या चार घरांत एकटी, त्यामुळे बायकांची पत्रं मीच लिहायची, आलेली मीच वाचायची.

तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण तिच्या सासूचं म्हणणं, माहेरचं माणूस न्यायला आलं तर पाठवू, आम्ही नेऊन घालणार नाही आणि बोलावणंही धाडणार नाही. सातवा लागला तशी ती निळं आंतरदेशीय पत्र घेऊन माझ्याकडे आली.

"वहिनी, लिहा. दादाला लिहा. पण रडकं नका लिहू हं, त्याला वाटेल मला इथे मारतात."

"मारतात का?"

"नाही हो. बोलतात फक्त."

मी लिहिलं. अजून पाठ आहे. 'दादास नमस्कार. मला सातवा लागला आहे. इकडची मंडळी पाठवायला तयार आहेत, पण न्यायला माणूस यावे लागेल. आठवा लागला की कोणी हलू देणार नाही, तरी महिना संपायच्या आत यावे. आईला सांगणे की कैरीचे लोणचे माझ्यासाठी ठेवावे. काळी गाय व्याली का ते कळवणे.' खाली तिने स्वतःची सही केली. तेवढं मी तिला शिकवलं होतं. दोन अक्षरं, दोन्ही वाकडी.

आठव्यात बाईला प्रवास करू देत नाहीत. सातव्यात नाहीतर नवव्यात. तेव्हा हे कुणी तोडत नव्हतं. आणि नवव्यापर्यंत कोण थांबणार.

पत्र तिने स्वतः गावातल्या पेटीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना ताप चढला. हिवताप, दात वाजत होते. थैली टांगायचं काम नेमलेल्या माणसाशिवाय कुणी करायचं नाही, असा नियम होता. ह्यांच्या जागी माणूस पाहिजे तर वर कळवायला हवं होतं. पोस्टमास्तर थैली घेऊन आले, ह्यांची अवस्था पाहिली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज बघता ना? टांगा की. कोण बघतंय?"

मी रोज बघत होते. टांगता येईल असं मलाही वाटलं.

सुतळीचा गुंडा काढला तर उंदराने कुरतडलेला. हात लावला की तुटत होता. वारा सुटला होता. मला वाटलं, असल्या सुतळीवर टांगली तर गाडी यायच्या आधीच थैली खाली पडेल, पोस्टमास्तर म्हणतील बायकांना काय जमतं. घरात बाजेला घालायची नवी सुती दोरी होती. ती घेतली. दोन्हीकडे बांधली. दोन-दोन गाठी मारल्या, ओढून पाहिल्या. मी काम नीट करते, तेव्हाही करत होते.

मेल आली. झेल्या बाहेर आला, थैलीत घुसला. दोरी तुटली नाही. थैली मधोमध फाटली. वरचा अर्धा भाग दोरीला लोंबकळत राहिला, खालच्यातली पत्रं गाडीखाली गेली. गाडी थांबली नाही. मेल असल्या गोष्टीला थांबत नसते. ती गेल्यावर रुळांवर कागद उडत होते.

मी आणि पोस्टमास्तर दोघांनी मिळून वेचलं. धड राहिलेली पत्रं एका बाजूला, तुकडे एका बाजूला. "माझी नोकरी गेली," एवढंच पोस्टमास्तर सारखं म्हणत होते. मग ताप अंगात असताना हे उठून आले. दोघांनी मिळून ठरवलं. वर कळवायचं, वाऱ्याने सुतळी तुटली आणि थैली गाडीखाली आली. धड पत्रं दुसऱ्या दिवशीच्या थैलीत घालायची. तुकडे जाळायचे. थैली माझ्या हाताने टांगली हे कुणालाही कळता कामा नये. कळलं तर दोन घरांची चूल बंद.

तुकडे माझ्या चुलीत गेले. जाळताना मला माझं अक्षर दिसलं. 'काळी गाय व्याली का' एवढंच होतं, बाकी चाकाखाली गेलेलं. मी ते घातलं चुलीत.

इथे मुलगी पहिल्यांदा बोलली. "मग दुसरं लिहायचं."

"हो."

"तुला पत्ता माहीत होता."

"होता. पाठ होता."

"मग?"

मग मी ह्यांना विचारलं होतं. हे म्हणाले, वरून चौकशीला माणूस यायचाय, तो गावातल्या लोकांना विचारणार कुणाची पत्रं पोचली नाहीत. आत्ता तू दुसरं पत्र लिहिलंस, आणि ती पोरगी सासूजवळ बोलली, की पहिलं गेलं कुठे असं होणार. थोडे दिवस हाताला कुलूप घाल. मी म्हटलं, तिला न सांगता लिहिते. हे म्हणाले, तिचा भाऊ येऊन म्हणेल पत्र आज मिळालं, मग तारखा जुळवत बसतील. थांब जरा.

मी थांबले. ह्यांनी थांबवलं असं मी म्हणू शकते, पण हे दिवसभर स्टेशनवर असायचे. मला लिहायचं असतं तर लिहिलं असतं. मला भीती वाटत होती. आणि दुसरं एक मनात होतं, की सख्खा भाऊ आहे, बहिणीला कितवा महिना आहे हे त्याला ठाऊक नसेल? येईल आपणहून. असं मी स्वतःला रोज सांगत होते.

स्टेशनवर थांबणारी गाडी दिवसाला एकच, दुपारची पॅसेंजर. ती रोज पॅसेंजरच्या वेळेला वेणी घालून, तोंड धुऊन फलाटाच्या कुंपणाशी उभी राहायची. पत्र्याची ट्रंक आवरून ठेवलेली. गाडीतून दोन-चार माणसं उतरायची, ती तोंडं बघायची आणि परत यायची. सासू दारातूनच सुरू व्हायची.

"आला का गं तुझा मुराळी? का बैलगाडीला बैल मिळेना?"

"येईल उद्या."

"उद्या! पत्र पाठवलंस म्हणे. पत्राला पण पाय फुटले वाटतं."

मग ती माझ्या ओट्यावर यायची. "वहिनी, पत्र पोचलं असेल ना?"

"पोचलं असेल," मी म्हणायची.

असं ती मला किती वेळा म्हणाली ते मी मोजलं नाही. पोचलं असेल, मी प्रत्येक वेळी म्हटलं. एकदा तर पुढे जाऊन म्हटलं, "कामाचे दिवस आहेत, पेरणीत अडकला असेल." तिला ते पटलं. ती हसली आणि म्हणाली, "हो, तो एकटाच आहे ना."

चौकशीवाला माणूस आला, चहा प्याला, फाशीचा खांब बघितला, ह्यांना समज देऊन गेला. गावात कुणाला काही विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी संध्याकाळी मी बोटावर मोजलं. तिला आठवा लागून चार दिवस झाले होते.

आठव्यातच तिचं पोट दुखायला लागलं. सुईण आली. दोन दिवस लागले. तालुक्याला न्यायचं ठरलं तोवर दुसऱ्या दिवशीची पॅसेंजरही निघून गेलेली. पोर जगली, ती गेली. पोर म्हणजे ही.

मेल्याचं कार्ड कोपरा फाडून पाठवतात. गँगमन माझ्याकडेच आला. "वहिनी, तिच्या माहेरी लिहा." मी लिहिलं आणि कोपरा फाडला. तो पत्ता मी दुसऱ्यांदा लिहिला. ते कार्ड बरोबर पोचलं. थैली ह्यांनी टांगली होती, कच्च्या सुतळीने.

तिसऱ्या दिवशी पॅसेंजरने भाऊ आला. उंच, काळा, पायात वहाणा नाहीत. दारातच ओरडला, "एक पत्र टाकलं असतंत! कळवलं असतं तर खांद्यावर घालून नेली असती!" सासू म्हणाली, "कळवलं होतं. तुझ्याच बहिणीने लिहिलं. आला नाहीस तू." तो म्हणाला, मला काही मिळालं नाही, आईची शपथ. गँगमन म्हणाला, "खोटं बोलायला लाज वाटते का?" मी शेजारच्या दारात पोर घेऊन उभी होते. पोरीला माझ्याकडे दिलं होतं, शेळीचं दूध मी पाजत होते. त्याने माझ्याकडे बघितलं. पोरीकडे बघत होता, पण मला वाटलं माझ्याकडे बघतोय. मी पोरीच्या तोंडावर पदर घेतला आणि आत गेले.

गँगमनने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. नव्या बायकोला पोर नको होती. आमच्याकडे राहिली ती राहिली. ह्यांची बदली झाली, आम्ही तिला घेऊन निघालो. तिच्या लग्नाच्या वेळी मामाने कुणाकडून तरी पत्ता काढून कार्ड पाठवलं होतं, मामाचा मान म्हणून येऊ का. हिने ते फाडलं. बोहल्यापाशी मामा म्हणून माझा चुलतभाऊ उभा राहिला. मी बघत होते.

बाकावर हे सगळं सांगून झालं तेव्हा जावई आणि नात दूर कॉफीचे कप घेऊन उभे होते. यायचं का नाही, त्यांना कळत नव्हतं. निळ्या डगल्यातला म्हातारा पुन्हा थैली टांगत होता.

मुलगी त्याचे हात बघत होती. मग म्हणाली, "दोरीचं मी काही म्हणत नाही. दोरी कुणीही चुकीची बांधेल."

"हो."

"तुला लिहिता येत होतं, आई."

मी मान हलवली.

"आणि मला का सांगितलंस, की पत्र गेलं होतं, तो आला नाही?"

"तू विचारलंस, माझ्या आईला कुणी न्यायला का आलं नाही. काहीतरी सांगायला हवं होतं."

"खरं सांगायचं."

"मग तू राहिली असतीस का माझ्याकडे?"

ती म्हणाली, "दहा वर्षांची होते मी. कुठे जाणार होते?" आणि उठली. आम्ही गाडीत बसलो. नातीने फोनवर घेतलेलं ते थैलीचं मला दाखवायला काढलं आणि आईचा चेहरा बघून परत ठेवलं.

तीन दिवस घरात मशीनचा आवाज तेवढा होता. ती मला जेवायला वाढायची, गोळ्यांची आठवण करून द्यायची. सगळं वेळच्या वेळी. चौथ्या दिवशी दुपारी तिने फोन लावला. मी स्वयंपाकघरात होते. फोन स्पीकरवर होता. ह्या वेळी हातात कात्री नव्हती, मी ऐकावं म्हणून लावला होता.

मामाला ऐकू कमी येत होतं. तिला ओरडून बोलावं लागलं. "मामा, पत्र पोचलंच नव्हतं!"

"काय?"

"पत्र! आईचं! ते गाडीखाली गेलं! तुम्हाला पोचलंच नव्हतं!"

तिकडे खाट करकरली. मग तो म्हातारा बोलला, पण तिच्याशी नाही, घरातल्या माणसांशी. "ऐकलंत का रे? मी खोटं बोललो नव्हतो." परत तेच म्हणाला. मग म्हणाला, "आमची आई गेली ती मला खोटारडा समजून गेली. म्हणायची, पेरणी सोडवली नाही ह्याला."

पेरणीचं ऐकून मी गॅस बंद केला.

"कुणी सांगितलं तुला?" त्याने विचारलं.

"जिने मला वाढवलं तिने. पत्र तिनेच लिहिलं होतं, आईच्या वतीने."

"दारात पोर घेऊन उभी होती ती?"

"हो."

"तेव्हा का नाही बोलली?"

मुलीने फोन आणून माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "दादा, मी घाबरले होते." त्याला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा, मोठ्याने, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणावं लागलं, "घाबरले होते!"

"हं," तो म्हणाला. शिवी देईल असं वाटलं होतं. दिली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "आता मुलगी पाठवा."

न्यायला आलेला माणूस सासरच्या दारात जे म्हणतो तेच. मी म्हटलं, "पाठवते."

माझं परतीचं तिकीट आधीच काढलेलं होतं, महिनाअखेरचं. मुलीने त्याच विमानाचं स्वतःचं काढलं. मुंबईला उतरून ती तशीच मामाच्या गावी जाणार, मला गावी सोडायला माझा भाचा टॅक्सी घेऊन येणार, असं ठरलं. "मी पण येऊ का," असं मी विचारलं नाही. तिनेही चल म्हटलं नाही. बॅग भरताना तिने कैरीच्या लोणच्याची बरणी काढली, दोन वेळा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि आत ठेवली. गेल्या वर्षी मीच घातलेलं लोणचं.

जावई विमानतळापर्यंत आले. बोर्डिंग पास हातात आल्यावर मी आकडे बघितले. आकडे मला वाचता येतात. माझी सीट बाविसाव्या रांगेत, तिची एकतिसाव्या.

"शेजारची मिळाली नाही," ती म्हणाली.

मागितली होतीस का, हे मी विचारलं नाही. तिने माझी बॅग वर ठेवली, पट्टा लावून दिला, पायांवर पांघरूण घातलं आणि मागे जाऊन बसली.